कोऱ्या चिंधीची जागा

संगितानं हेडफोन काढले, उलटे करून पाहिले, ओढणीच्या टोकानं पुसले आणि पुन्हा कानांवर बसवले.

“ताई, याडी खाकरली. मंग काहीच न्हाई.”

“थांब की जरा. दम घेत असतील.” पल्लवी तिच्या खांद्यावरून पडद्याकडं वाकली.

पडद्याच्या खालच्या पट्टीत एक बारीक खूण डावीकडून उजवीकडं सरकत होती. म्हणजे गाणं पुढं जात होतं. नाव बरोबर होतं, ‘रूपाबाई ढावलो’. लांबी बरोबर होती, तारीख बरोबर होती. खूण मध्यावर आली, मध्य ओलांडून गेली. आडात पोहरा सोडून पाण्याची चाहूल घेणाऱ्या बाईसारखा संगिताचा चेहरा तसाच वाकलेला राहिला. खूण टोकाला जाऊन थांबली.

“आत कुणीच न्हाई,” संगिता म्हणाली.

पल्लवीनं हेडफोन घेतले. सुरुवातीला एक खाकर, कोरडी, ओळखीची. त्यामागून काहीच नाही. पंख्याची कुरकुर नाही, रस्त्यावरच्या जीपचा हॉर्न नाही. विहिरीला निदान तळ असतो, याला तोही नव्हता.

“लाइट गेल्यानं झालं आसंल का वं?” पल्लवीची आई, लक्ष्मीबाई, लसूण सोलता सोलता आतल्या दारात येऊन उभी राहिली होती.

“आई, तू थांब जरा.”

“मी थांबलेच हाय, माय. तुझा डबाच पळून राहिला.”

पूर्वी या बोलण्यावर संगिता खळाळून हसली असती. आता तिनं हेडफोनची वायर बोटाला गुंडाळली आणि सोडली, गुंडाळली आणि सोडली.

सेनगावच्या बसस्टँडमागं लक्ष्मीबाईच्या घराची पुढची खोली, तोच पल्लवीचा कॉम्प्युटर क्लास. संगिता जवळच्या तांड्यावरून जीपनं यायची. रूपाबाई तिची आजी. पण आजीच्याच मांडीवर वाढलेली ही पोर तिला याडी, म्हणजे आई, म्हणायची. तांड्यातली लेक सासरी निघते तेव्हा एकेकाच्या गळ्यात पडून रडत गाते, ते गाणं म्हणजे ढावलो. ते आपसूक येत नाही. लग्न ठरलं की जाणत्या बायका पोरीला जवळ बसवून शिकवतात, आणि प्रत्येक घराचं वळण थोडं वेगळं असतं. रूपाबाईचं वळण तिच्या आईचं होतं, त्या आईचं तिच्या आईचं. बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून माणसं गावोगाव चालायची, त्या वाटेवरून आलेलं.

मागच्या वर्षी रूपाबाई शिकवायला बसली तेव्हा संगितानं हात झटकले होते. “रडायला बी क्लास लावावा लागतो व्हय?” मग रूपाबाईच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन करावं लागेल आणि आवाज राहील याचा भरवसा नाही, असं नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं. त्या दिवसापासून संगिता हसायची थांबली, आणि याडीचा हात धरून तिला इथं घेऊन आली.

आता ऑपरेशन झालं होतं. रूपाबाई बरी होती, भाकरी कुस्करून खात होती, कशिदा काढत होती. फक्त बोलायला गेली की नुसती हवा यायची. आणि उन्हाळ्यात संगिताचं लग्न होतं.

“मिराकाकी म्हणते, माझा शिक की. रडणं ते रडणं,” संगिता म्हणाली. मिराबाई तिची काकू. “पण मला याडीचाच पाहिजे.”

“सापडेल,” पल्लवी म्हणाली, आणि म्हणताक्षणीच तिला कळलं की हे बोलायला आपल्या पायाखाली काहीच नाही.

गाणं टिपलं तो दिवस तिला लख्ख आठवत होता. रूपाबाईनं आधीच अटी घातल्या होत्या. लग्न नसताना तांड्यात अख्खा ढावलो म्हणायचा नाही; शिवेबाहेर चालेल. समोर कुणी बसायचं नाही. म्हणून पल्लवीनं माइक लावला, बटण दाबलं आणि बाहेरून दार ओढून घेतलं. ती, संगिता आणि लक्ष्मीबाई तिघी ओट्यावर बसल्या. आतला आवाज जाड भिंतीतून नुसता घुमल्यासारखा येत होता, शब्द काही नाही. दार उघडून रूपाबाई बाहेर आली तेव्हा डोळे कोरडे होते, कपाळ मात्र घामानं डबडबलेलं. पल्लवीनं गाणं जतन केलं. जतन झाल्याचा निरोप पडद्यावर आला, तिनं माउसवरचा हात उचलला, आणि लाइट गेली. भारनियमनाच्या वेळेच्या आधीच. बॅटरीनं एकदा चिमणीसारखं चीं केलं आणि मान टाकली.

लाइट आली तेव्हा नाव जागेवर होतं, लांबी जागेवर होती. जीपवाला बाहेर हाका मारत होता. वाजवून पाहायचं कुणाच्याच मनात आलं नाही. दारावर पाटी आहे म्हणजे घरात माणूस आहे, असं धरून पल्लवी चालली.

त्या दुपारी संगिता गेल्यावर ती एकटीच मशीनपुढं बसून राहिली. अपराध तर वाटतच होता. पण त्या अपराधाच्या बुडाशी आणखी काहीतरी वळवळत होतं, आणि त्याची तिला लाज वाटत होती. ते कुतूहल होतं. एखाद्या गोष्टीची लांबी शाबूत राहते, नाव शाबूत राहतं, आणि आतलं सगळं जातं. हे होतं कसं?

पल्लवीच्या मशीनवर लिनक्स होतं, एका मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरचं. तिनं हौसेनं डिस्कचे तीन खण पाडले होते आणि प्रत्येक खणात वेगळी फाइल सिस्टीम बसवली होती. फाइल सिस्टीम म्हणजे सामान कुठं ठेवलं, कोणत्या नावानं ठेवलं, हे बघणारा कारभारी, असं ती क्लासच्या पोरांना सांगायची. तीन खण, तीन कारभारी, तीन स्वभाव. पहिला एक्स्ट-टू. जुना, सरळ, टिपण न ठेवणारा. लाइट जाऊन आली की हा कंदील घेऊन खोलीनखोली, पोतंनपोतं तपासत बसायचा. तोवर पोरं बाहेर क्रिकेट खेळून यायची. दुसरा एक्स्ट-थ्री, त्याचाच धाकटा भाऊ. काय करणार ते आधी टिपायचा, मग करायचा. थोडा सावकाश, पण अंधारातून उठला की टिपण वाचून लगेच घर लावायचा. तिसरा एक्स-एफ-एस. चपळ. मोठाल्या फाइली उचलण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. रूपाबाईचं गाणं मोठं, म्हणून पल्लवीनं मोठ्या विश्वासानं ते या तिसऱ्याच्या हवाली केलं होतं.

तिनं माइकसमोर स्वतःच एक ते शंभर म्हटलं, तिसऱ्या खणात जतन केलं आणि लगेच भिंतीवरचं बटण खाली ओढलं. मशीन विझलं. पुन्हा चालू केलं. नाव होतं, लांबी होती, आत शांतता. पुन्हा केलं. यावेळी जतन केल्यावर थोडं थांबून बटण ओढलं. एक ते शंभर जिथल्या तिथं. तिनं ओढणी खोचली आणि पाट्यावर वाटण घ्यावं तसं पुन्हापुन्हा तेच करत राहिली.

“काहून गं?” लक्ष्मीबाई आतून म्हणाली. “लाइटवाले कमी पडून राहिले का? आता घरातबी भारनियमन?”

“शिकून राहिले, आई.”

“मी तुला शिकवलं ते दिवे लावायला. हिनं विझवायचा क्लास काढला.”

त्या आठवड्यात सगळं सेनगाव लाइट गेली की कपाळाला हात लावायचं, आणि बसस्टँडमागं एक पोरगी सरसावून बसायची.

हळूहळू तिला त्या चपळ कारभाऱ्याचा स्वभाव उमगला. तोही टिपण ठेवायचा. पण सामानाचं नाही, सामानाच्या नोंदीचं. हळदीचं पोतं, अमुक नावाचं, अमुक वजनाचं, इथं ठेवलं, असं आधी लिहून मोकळा व्हायचा, आणि पोतं पाठीवर घेऊन सवडीनं निघायचा. मधेच अंधार झाला तर नोंद खरी, जागा खरी, पोतं मात्र वाटेवरच. त्या रिकाम्या जागेत दुसऱ्या कुणाचं जुनं सामान उघडं पडू नये म्हणून मग तो तिथं शून्यं अंथरून ठेवायचा. ही त्याची लबाडी नव्हती, रीत होती. रूपाबाईची एक खाकर तेवढी त्यानं पोचवली होती. बाकीचं गाणं त्याच्या पाठीवर राहिलं.

पाठीवर घेण्याआधी ते कुठं होतं, हा प्रश्न तिला भांडी घासताना पडला. हातातलं ताट तसंच राखेत ठेवून ती उठली.

आवाज टिपणारा प्रोग्राम गाणं एका घासात घेत नाही. गाणारा गात असतो तेव्हा तो चार-सहा सेकंदांचे तुकडे करून तात्पुरते एका कोपऱ्यात ठेवत जातो; जतन केलं की मग ते जोडून एकसंध करतो. हा तात्पुरता कोपरा होता पहिल्या खणात, जुन्या कारभाऱ्याकडं. मशीन सुरू होताना तो कोपरा दर वेळी झाडला जायचा, त्यामुळं तिथं काही उरलं असण्याची आशा नव्हती. पल्लवीनं तरीही पाहिलं. कोपरा स्वच्छ होता.

पण त्या खणात आणखी एक कोपरा होता, ‘हरवलं-सापडलं’ अशा अर्थाच्या नावाचा. एरवी तो रिकामाच असायचा. तिनं तो उघडला, आणि पडद्यावर मुंग्यांची रांग फुटावी तशा फाइली खाली उतरत गेल्या. एकीलाही नाव नाही. नुसते आकडे.

त्या दिवशी अंधारात या खणातली नावांची पाटीच पुसली गेली होती. कंदील घेऊन तपासताना जुन्याला हे बेवारशी तुकडे सापडले आणि त्यानं उचलून इथं आणून ठेवले. नाव शाबूत असतं तर सगळे झाडूखाली गेले असते. नाव गेलं म्हणून वाचले.

तिनं मधलाच एक तुकडा वाजवला. ओळीच्या अर्ध्यातून रूपाबाईचा आवाज उसळला, चढला, आणि चढावरच तुटला.

राखेच्या हातांनीच पल्लवीनं तोंड दाबून धरलं.

“आता काय जळालं?” लक्ष्मीबाई धावत आली. पल्लवीनं तुकडा पुन्हा वाजवला. लक्ष्मीबाई हळूच भिंतीला टेकली. “माय गं,” एवढंच म्हणाली.

एका खणात नाव होतं, आवाज नव्हता. दुसऱ्या खणात आवाज होता, नाव नव्हतं. आनंदाच्या भरात पल्लवीनं सगळे तुकडे उचलून मधल्या, टिपणवाल्या खणात नेले, आणि नव्या बॅचसाठी पहिला खण धुऊनपुसून काढला. संध्याकाळी दिवा लावताना तिच्या ध्यानात आलं की प्रत्येक तुकड्यावर तो जन्मल्याची वेळ होती, त्या वेळेनं क्रम लागला असता. आणि हलवाहलवीत आपण सगळ्यांवर आजचीच वेळ उमटवली. तिनं आकड्यांच्या क्रमानं लावून पाहिलं. गाणं चार पावलं नीट चालायचं आणि मेंढरासारखं भलतीकडं उडी मारायचं. वर आणखी पोरांच्या सरावाचे तुकडेही त्यात मिसळलेले. रूपाबाईच्या हंबरड्यातून मधेच कुणीतरी “हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग” म्हणायचं.

“असू द्या की ताई,” संगिता म्हणाली. “याडीला आणते. तिचं हाय, तिला कळंल.”

बाजाराच्या दिवशी रूपाबाई आली. आरशांची काचोळी, कोपरापर्यंत बांगड्या, आणि गळ्याभोवती सुनेनं गुंडाळलेला मऊ पंचा. तिला खुर्ची नको होती. ती जमिनीवर बसली, स्पीकरकडं तोंड करून, पाहुण्याकडं बसावं तशी. पहिला तुकडा वाजला तशी ती दचकली. स्वतःच्या गळ्याला हात लावला, मग हात खाली घेतला आणि मानेनंच म्हणाली, चालू द्या.

हा आधी, तो नंतर, हे सुरुवातीला ती बोटांनी दाखवायची. पण तुकडे बरेच. थोड्याच वेळात कोणतं बोट कशाचं हे कुणालाच कळेना. संगिता चिडली, पल्लवी घामाघूम झाली. रूपाबाईची नजर कोपऱ्यात गेली. तिथं लक्ष्मीबाईचं गोधडीच्या चिंध्यांचं गाठोडं होतं. ती गुडघ्यांवर सरकत गेली, गाठोडं सोडलं, लाल चिंधी काढली आणि आत्ताच वाजलेल्या तुकड्यासाठी जमिनीवर ठेवली. पुढच्याला पिवळी. त्याच्या पुढच्याला निळ्या ठिपक्यांची, आणि ती उचलून लाल-पिवळीच्या मधोमध.

“हे बेस झालं,” लक्ष्मीबाई तिच्या शेजारी बसकण मारत म्हणाली. “ती ठिपक्यांची माझ्या लग्नातली हाय बरं, रूपाबाई. जपून.”

रूपाबाई हसली. आवाज न करता हसणं तिला आता जमायला लागलं होतं.

बाजारामागून बाजार गेले. जमिनीवर चिंध्यांची वाट लांबत गेली, रूपाबाई ती सुईदोऱ्यानं टाके घालून पक्की करत गेली, आणि त्याच क्रमानं पल्लवी पडद्यावर तुकडे सरकवत गेली. गाणं पल्लवीला कळत नव्हतं, ती बोली तिची नव्हती. पण एक ओळ दुसरीच्या गळ्यात कशी हात टाकते, ते ऐकू यायचं. संगिता शब्द समजावून द्यायची. तुमच्या अंगणातली तुळस मी नव्हते, चार दिवसांची चिमणी होते. दाणे टिपले, आता उडते. सांगता सांगता तिचे ओठ पुढच्या तुकड्याच्या आधीच हलायचे.

वाट पुरी होत आली, त्या दिवशी रूपाबाईनं मधेच एक जागा उसवली. दोन चिंध्या लांब केल्या आणि मध्ये तळहात ठेवला. मग गाठोड्यातून एक कोरी पांढरी चिंधी काढून तिथं मांडली.

“हा तुकडा कुठं आहे?” पल्लवीनं विचारलं.

रूपाबाईनं मशीनकडं बोट केलं.

“नाही, आजी. इथला गेला. माझ्याच चुकीनं गेला.”

रूपाबाईनं मान हलवली. पुन्हा मशीनकडं बोट.

“याडी म्हणते, हाय,” संगिता म्हणाली.

“मी सगळे पाहिले गं. फक्त शून्यवाले तेवढे बाजूला काढले.” बाजूला काढले तेव्हा तिनं ते वाजवूनही पाहिले नव्हते. पडद्यावर आवाजाची रेघ दिसते. बोलणं असलं तर डोंगरदऱ्या, काही नसलं तर सरळ आडवी. तिसऱ्या खणातल्या फाइलीत तिनं ती आडवी रेघ इतकी पाहिली होती की तिला ती पाठ झाली होती. “हे बघा, दाखवते. काहीच नाही यात.”

तिनं बाजूला टाकलेला तुकडा उघडला. सरळ रेघ. म्हाताऱ्या माणसाची खात्री पटावी म्हणून तिनं रेघ मोठी केली. आणखी मोठी केली.

रेघ हलत होती.

अगदी थोडी. झोपलेल्या लेकराचं पोट हलतं तशी. पल्लवीनं आवाज पूर्ण वाढवला. पंखा कुरकुरला. एक बांगडी दुसरीवर आपटली. फार लांबून, भिंतीपलीकडून, लक्ष्मीबाईचा आवाज आला: “साखर कमी टाकू का वं?” आणि मग, अगदी जवळ, कुणीतरी श्वास आत घेतला आणि तसाच धरून ठेवला.

“अगं बया,” लक्ष्मीबाई म्हणाली. “मी हाय आत.”

पल्लवीनं तो तुकडा पुन्हा लावला. शून्यात पंखा नसतो. असे आणखीही तुकडे बाजूला पडले होते. तिनं एकेक उघडला, आणि प्रत्येकात तो पंखा होता, ती बांगडी होती, ती गप्प बसलेली बाई होती.

“याडी, इथं तू गप का राहिलीस?” संगितानं त्यांच्या बोलीत विचारलं. रूपाबाईनं तिला जवळ ओढलं आणि कानात नुसत्या हवेनं काहीतरी सांगितलं. बराच वेळ सांगितलं. संगितानं मान वर केली तेव्हा ती थोडी निराळी दिसत होती.

“काय म्हणल्या?”

“इथं नाव घ्यायचं असतं. ज्याच्या गळ्यात पडलो त्याचं.”

“मग घेतलं काहून न्हाई?” लक्ष्मीबाईनं विचारलं.

“लगन कुठं व्हतं? निघायचं नसताना नाव घेऊन रडलं तर त्या माणसाचं नातं तुटतं, म्हणते.” संगितानं कोरी चिंधी बोटांत धरली. “म्हणून तेवढा येळ आत नुसती बसली. दर बारीला.”

पल्लवीनं गाणं जोडलं. जोडताना सवयीनं तिचा हात त्या शांत जागा कातरायला गेला; सीडी छोटी झाली असती, ऐकायला सलग झाली असती.

“राहू द्या ताई,” संगिता म्हणाली.

“राहू देते.”

गाणं टिपणवाल्या खणात जतन करून पल्लवी मुद्दाम बराच वेळ हात बांधून बसली. मग पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवलं. मग सीडी काढली. संगितानं ती उन्हात तिरपी धरली, सात रंग पाहिले आणि पिशवीत ठेवली.

“घरी कशावर लावशील?” पल्लवीला एकदम सुचलं.

“कशावर न्हाई,” संगिता म्हणाली, आणि कितीतरी महिन्यांनी खळाळून हसली. “पण दिलीत तर घेऊन ठेवते.”

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, ऊन उतरताना, पाठवणीला पल्लवी आणि लक्ष्मीबाई तांड्यावर गेल्या. पूर्वी नवरी बैलाच्या पाठीवर उभी राहून निरोप घ्यायची. आता झेंडूच्या माळा घातलेली जीप उभी होती आणि ड्रायव्हर टायरला लाथ मारून पाहत होता. दोघी मायलेकी मागं, कडुनिंबाखाली थांबल्या. आपण पाहुण्या, पुढची जागा घरच्यांची.

मिराबाई ताट घेऊन जाताना थबकली. “या, या, मास्तरीणबाई. बघू द्या तुमच्या मशीनीचं रडणं.”

“मशीन न्हाई आणली,” लक्ष्मीबाई म्हणाली. “तकलीफ नको म्हणलं.”

मिराबाई हसत पुढं गेली. इतक्यात संगिता दारात आली. ओढणीच्या काठाला चिंध्यांची ती लांब पट्टी शिवलेली होती, आरसे आणि कवड्या लावून; लाल, पिवळी, निळ्या ठिपक्यांची, आणि मधेमधे कोरी पांढरी. कोऱ्यावर आरसा नव्हता, कशिद्याचा टाकासुद्धा नव्हता.

तिनं बापाच्या, प्रेमदासच्या, गळ्यात हात टाकले आणि सुरू केलं. आवाज रूपाबाईचा नव्हता. कोवळा होता, जरा थरथरता. पण वळणं तीच होती, चढ तिथंच होता. चढावर पोचून ती थांबली. अंगणातल्या बायका थांबल्या. मग तिनं बापाला हाक मारली, आणि प्रेमदासनं फेट्याच्या शेमल्यात तोंड लपवलं. मग आई. मग मिराबाई, मिराबाईच्या हातातलं ताट दुसऱ्याच कुणीतरी धरलं. मग बाजेवर बसलेली रूपाबाई. तिथली शांतता फार लांबली. संगितानं “याडी” म्हटलं तेव्हा रूपाबाईचे ओठ उघडले, त्यातून हवा आली, आणि ती हवा अंगणभर ऐकू आली.

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. बायका जीपकडं वळल्या, लहान मुलं पुढं पळाली. संगिता मात्र वळली ती उलटीकडं. गर्दी बाजूला सरली. ती कडुनिंबाकडं येत होती.

पल्लवीनं मागं पाहिलं. मागं कुणीच नव्हतं.

“जाय की,” लक्ष्मीबाईनं तिला कोपरानं ढोसलं. “उभी काय राहिली.”

बांगड्यांनी जड झालेले हात तिच्या गळ्यात पडले. ओळ सुरू झाली. दाणे टिपले, आता उडते. पल्लवीला आता तिचा अर्थ ठाऊक होता. ओळ चढली, चढावर पोचली, आणि तिथं थांबली.

पल्लवीनं डोळे मिटून घेतले. एक बांगडी दुसरीवर वाजली. लांब जीपचं इंजिन गुरगुरत होतं. आणि अगदी जवळ, तिच्या कानाशी, कुणीतरी श्वास आत घेतला.